चार्जरच्या पोटातले सहा मिलिमीटर

मोबाइलच्या दुकानात स्वस्तातला चार्जर घेताना परीक्षा एकच होते. दुकानदार तो काउंटरवरच्या बोर्डात लावतो, वायर फोनला जोडतो, पडद्यावर बॅटरी भरताना दिसते आणि सौदा पुरा होतो. या परीक्षेतून एवढंच कळतं की चार्जर या घटकेला चालतोय. तो सुरक्षित आहे का, हे त्यातून अजिबात कळत नाही. अत्यंत धोकादायक चार्जरही महिनोन्महिने फोन व्यवस्थित चार्ज करू शकतो. त्याची खोट उघडी पडते ती बिघाडाच्या क्षणी, आणि त्या क्षणी फोन टेबलावर असेल की कानाला लावलेला, हे कोणी सांगू शकत नाही.

वेगळा चार्जर विकत घ्यायची वेळ अलीकडे जास्त येते. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बाजारात आणताना खोक्यातला चार्जर काढून टाकला. सॅमसंगने जानेवारी २०२१ मध्ये गॅलॅक्सी एस२१ च्या वेळी तोच रस्ता धरला. घरात माणशी एक फोन, वर ब्लूटूथचे इअरफोन, घड्याळ, मुलांचा टॅब. त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या मनीष मार्केटपर्यंत आणि एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवरही चार्जरचे ढीग दिसतात. त्यात चांगला माल असतो, वाईटही असतो, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक असतो तो पोटात.

भिंतीतल्या बोर्डात येते ती २३० व्होल्टची एसी वीज. फोनला हवे असतात ५ व्होल्ट, डीसी. जुन्या काळी हे काम लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर करायचा. आजचा चार्जर मुठीत मावतो, कारण तो वेगळ्या पद्धतीने चालतो. तो आधी २३० व्होल्ट एसीचं डीसीत रूपांतर करतो. एसीचा २३० हा आकडा सरासरीसारखा असतो, लाटेचा माथा जातो ३२५ व्होल्टपर्यंत. म्हणजे चार्जरच्या आत एका छोट्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात. मग एक ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. दारं धरणारा माणूस पाटाचं पाणी उघड-मीट करत वाफ्याला हवं तेवढंच सोडतो, तसंच हे काम. हे तुकडे तुकडे झालेले झटके एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातात, आणि तिथे त्यांचे शांत, सरळ ५ व्होल्ट होतात.

म्हणजे चार्जरच्या आत दोन वेगळे मुलूख आहेत. एका बाजूला ३२५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ५. पहिल्या बाजूचा संबंध थेट महावितरणच्या तारेशी. दुसऱ्या बाजूचा संबंध वायरमधून फोनच्या धातूच्या कडेशी आणि तिथून आपल्या हाताशी. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. त्यामुळे आपला जीव या दोन मुलखांमधल्या अंतरावर आणि इन्सुलेशनवर अवलंबून असतो. चांगल्या चार्जरला आपण जादा पैसे देतो, ते मुख्यतः या अंतराचे.

हे अंतर किती असावं? सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलं तर आपल्याकडच्या व्होल्टेजला किमान पाच-सहा मिलिमीटर. हवेतून मोजलं तर थोडं कमी चालतं, कारण बोर्डावर धूळ आणि ओल साचते आणि त्यावरून वीज सरपटत जाऊ शकते. नीट बनवलेला चार्जर उघडला तर बोर्डाच्या मधोमध एक रिकामा पट्टा दिसतो, ज्यावर तांब्याची एकही रेघ नसते. पुष्कळदा तिथे बोर्डाला आरपार चीर पाडलेली असते. ही चीर पाडायला कारखान्याला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो जागेचा. सहा मिलिमीटर मोकळे सोडायचे तर बाकीचे सुटे भाग उरलेल्या जागेत बसवायला डोकं लावावं लागतं. नक्कल करणारा ते करत नाही. तो रेघा ओढतो आणि मोकळा होतो.

कॅलिफोर्नियातले इंजिनिअर केन शिरिफ यांनी २०१२ पासून असे अनेक चार्जर उघडून त्यांची बारकाईने तपासणी केली आणि ती सर्वांसाठी लिहून ठेवली. आयपॅडचा अस्सल चार्जर आणि त्याची नक्कल त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा अस्सलमध्ये हे अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरलं, नकलीत एक मिलिमीटरही भरलं नाही. बाहेरून दोन्हींवरची अक्षरं, रंग, गोलाई जवळजवळ सारखी. एक मिलिमीटरपेक्षा कमी जागेत एक पाण्याचा थेंब सहज पूल बांधतो. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि बोर्डात मुंग्या घर करतात. अशा हवेत हे अंतर कागदावरचं राहत नाही.

मात्र हे अंतर पाहण्यासाठी घरी चार्जर उघडू नका. बोर्डातून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात. आणि उघडलेला चार्जर चालू करून बघायचा मोह तर कुणीही धरू नये.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट अशीच. बाहेरून तो पिवळ्या टेपात गुंडाळलेला इवलासा ठोकळा. आत तारेचे दोन वेढे एकमेकांवर बसवलेले असतात, एक ३२५ व्होल्टच्या बाजूचा, दुसरा ५ व्होल्टच्या. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बाहेरचा वेढा तिपदरी इन्सुलेशनच्या तारेचा असतो, किंवा दोन वेढ्यांमध्ये टेपचे अनेक थर आणि कडांना रिकामी जागा सोडलेली असते. वाईटात वार्निश लावलेली साधी तांब्याची तार आणि टेपचा एखादा थर. वार्निशला टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा पडला तरी वेढे चिकटतात. हे बाहेरून कुणालाही दिसत नाही. म्हणूनच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चार्जरच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ३,००० व्होल्ट लावून पाहतात. त्यात वीज पलीकडे गेली नाही, तरच चार्जर पास होतो.

दोन मुलखांना जोडणारा एक सुटा भाग मात्र मुद्दामच ठेवलेला असतो. बहुतेकदा निळ्या रंगाची, चपटी, गोल चकती. तिला वाय कपॅसिटर म्हणतात. चार्जरच्या जलद उघड-मिटीमुळे तयार होणारा विजेचा गोंगाट ही चकती जिरवते. ती ३२५ व्होल्टच्या बाजूला आणि आपल्या हाताला जोडणारा सरळ पूल आहे, म्हणून तिच्यावर सगळ्यात कडक नियम आहेत. पहिल्या दर्जाची, म्हणजे वाय१ प्रकारची चकती ८,००० व्होल्टच्या झटक्याला टिकावी लागते. स्वस्त चार्जरमध्ये तिच्या जागी दिसायला तशीच, निळीच, पण १,००० व्होल्टची साधी चकती टोचलेली असते. दोघींच्या किमतीत फरक काही पैशांचा ते रुपया-दोन रुपयांचा. पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा, किंवा गेलेली लाईट परत येते तेव्हा तारेत क्षणभर व्होल्टेजची उसळी येऊ शकते. साधी चकती त्या उसळीत फुटून आतून जोडली गेली, तर फोनच्या कडेवर भिंतीतली वीज येते.

अनेकांना चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर किंवा धातूच्या फोनवर हलकेच बोट फिरवलं की झिणझिण्या जाणवतात. त्या याच चकतीमुळे. तिच्यातून थोडीशी वीज नेहमीच झिरपत असते आणि अशा उपकरणांना पाव मिलिअँपियरपर्यंतची मुभा मानकांनीच दिली आहे. त्यामुळे सौम्य झिणझिणी हा बिघाड नव्हे. घरातला निऑन दिव्याचा टेस्टर फोनच्या कडेला लावून ‘करंट उतरतोय’ असा निष्कर्षही काढू नये. तो टेस्टर इतक्या कमी विजेवर पेटतो की चांगल्या चार्जरवरही मंद उजळू शकतो. झिणझिणी नसून झटका वाटला, बोट आपोआप मागे आलं, तर मात्र भिंतीवरचं बटण बंद करा आणि तो चार्जर पुन्हा वापरू नका.

हे केवळ पुस्तकी भय नाही. जुलै २०१३ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात २३ वर्षांच्या एका तरुणीचा चार्जिंगला लावलेला आयफोन वापरताना मृत्यू झाला आणि संशय हलक्या चार्जरवर आला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलने लोकांना आवाहन केलं की तुमच्याकडचा संशयास्पद चार्जर आणून द्या आणि सवलतीत अस्सल घेऊन जा. एप्रिल २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २८ वर्षांची एक स्त्री कानात इअरफोन घातलेल्या अवस्थेत मरण पावलेली आढळली. तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने मानकात न बसणाऱ्या यूएसबी चार्जरकडे बोट दाखवलं आणि दुकानांतून माल जप्त केला. २०१६ मध्ये यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेने अ‍ॅपलच्या नावाचे ४०० नकली अ‍ॅडॅप्टर तपासले. इन्सुलेशनच्या परीक्षेत त्यातले फक्त ३ पास झाले. १२ तर इतके वाईट होते की त्यांच्यापासून थेट जीव जाण्याचा धोका होता. चारशेतले बहुतेक अ‍ॅडॅप्टर दुकानातल्या बोर्डावर लावले असते तर फोन चार्ज करताना दिसलेच असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

धक्क्यापेक्षा आगीचा धोका अधिक वेळा संभवतो, आणि त्याची कारणं आणखी साधी. चांगल्या चार्जरच्या तोंडाशीच फ्यूज किंवा फ्यूजसारखा जळून तुटणारा रेझिस्टर असतो. अगदी हलक्या मालात तिथे साधा रेझिस्टर किंवा नुसती तार असते. त्यापुढे एकच डायोड, १३००१ किंवा १३००३ क्रमांकाचा ट्रान्झिस्टर (सीएफएल दिवे दुरुस्त करणाऱ्यांना हा चांगला ओळखीचा) आणि तपकिरी कागदी बोर्ड. ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला की प्रवाहाला थांबवणारं कुणी उरत नाही. घरातला एमसीबी इतक्या लहान प्रवाहाला दाद देत नाही. प्लॅस्टिक दर्जेदार असेल तर ज्योत काढल्यावर ते आपोआप विझतं, हलकं प्लॅस्टिक पेटत राहतं आणि थेंब थेंब गळतं. उशीखाली किंवा गादीवर ठेवलेला फोन आणि रात्रभर चालू असलेला चार्जर, ही जोडी म्हणून भीती वाटावी अशीच आहे.

उष्णतेचा परिणाम सावकाशही होतो. ३२५ व्होल्ट साठवणारा कपॅसिटर ओल्या रसायनाचा असतो आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचा कपॅसिटर लावायच्या जागी ८५ अंशांचा लावला, आणि चार्जर चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या हवेत बंदिस्त खोक्यात चालला, तर तो कधी फुगेल याची वाटच पाहायची.

मग न उघडता काय पाहता येतं? बरंच काही. सर्वात आधी मागची बारीक अक्षरं वाचावीत. भारतात मोबाइल आणि आयटी उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सक्तीच्या नोंदणीचा मूळ आदेश २०१२ चा, अ‍ॅडॅप्टर आणि पॉवर बँक त्यात २०१४ मध्ये आले. त्यामुळे चार्जरवर मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ आयएस १३२५२, आणि त्याखाली इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असायला हवेत. हे आकडे कोणीही छापू शकतो, म्हणून नुसते पाहून थांबू नये. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ब्रँडसाठी आहे आणि चालू आहे की रद्द, हे कळतं. क्रमांक एका कंपनीचा आणि चार्जरवरचं नाव दुसरंच, असं निघालं तर चार्जर परत करावा. दुकानातच, पैसे देण्याआधी, दोन मिनिटांत होणारं हे काम आहे. सगळ्या उपायांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चार्जरच्या पोटात डोकावण्याचा ग्राहकाजवळचा तो एकमेव अप्रत्यक्ष मार्ग आहे. सीई या खुणेवर मात्र भिस्त ठेवू नये. ती युरोपच्या बाजारासाठी उत्पादक स्वतःच लावतो.

एका चौकोनात दुसरा चौकोन, ही खूण दुहेरी इन्सुलेशनची. अर्थिंग नसलेल्या चार्जरवर ती असलीच पाहिजे. आउटपुटचे आकडेही तपासावेत. ५ व्होल्ट, २ अँपियर म्हणजे १० वॉट, हा साधा गुणाकार आहे. दीडशे रुपयांत ६५ वॉटचा दावा केलेला असेल तर तो खोटा समजावा. इतकी शक्ती देणाऱ्या चार्जरने फोनशी आधी बोलणी करून ९, १५, २० व्होल्ट असं व्होल्टेज ठरवायचं असतं आणि त्यासाठीची चिप, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर या भावात येत नाहीत. काहीशे रुपयांना मिळणारा यूएसबी टेस्टर मध्ये जोडला तर व्होल्ट आणि अँपियर पडद्यावर दिसतात. भार वाढल्यावर ५ व्होल्टचा चार्जर पावणेपाचच्या खाली उतरला, तर त्याच्यावर छापलेले अँपियर खरे नाहीत. वजनाचा निकष मात्र आता कामाचा राहिला नाही. गॅलियम नायट्राइडचे नवे चार्जर दर्जेदार असूनही लहान आणि हलके असतात.

मग हाताने तपासावं. चार्जर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबावा आणि किंचित पिळावा. सांधा उघडला किंवा कुरकुरला तर तो दुकानातच ठेवावा. चांगल्या चार्जरचे दोन भाग उष्णतेने एकजीव केलेले असतात, हलक्याचे नुसत्या खाचांवर अडकवलेले. असा चार्जर काही महिन्यांनी बोर्डातून ओढताना वरचं कवच हातात येतं आणि पिना व आतला बोर्ड भिंतीतच राहतो, विजेसकट. लहान मूल ओढत असेल तर काय होईल याचा विचारही नको वाटतो.

पिनाही पाहाव्यात. युरोपीय पद्धतीची पातळ पिन ४ मिलिमीटरची असते, आपल्या तीन छिद्रांच्या छोट्या सॉकेटच्या पिनेची जाडी सुमारे ५ मिलिमीटर. पातळ पिन त्यात सैल बसते, ठिणग्या उडतात, सॉकेट काळं पडतं. मग लोक कागदाची घडी खोचतात. हे कधीही करू नये. सैल बसणारा चार्जर कितीही चांगला असला तरी त्या बोर्डासाठी तो वाईटच.

वापरताना दिसणारी दोन लक्षणं महत्त्वाची. फोन चार्जिंगला असताना पडदा आपोआप उड्या मारू लागला, बोट न लावता अक्षरं उमटू लागली आणि वायर काढताच सगळं शांत झालं, तर तो चार्जर गोंगाट जिरवत नाही असं समजावं. दुसरं लक्षण उष्णता. तासाभराने चार्जर कोमट असणं स्वाभाविक आहे. बोट ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर त्याचा वापर त्याच दिवशी थांबवावा.

घरासाठी एक कायमचा उपाय आहे, तो म्हणजे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. चार्जरचं इन्सुलेशन फुटलं आणि वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली, तर हा स्विच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. एमसीबी वायरिंगचं रक्षण करतो, माणसाचं रक्षण आरसीसीबी करतो. दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि दिसायला सारखे असल्याने अनेकांचा समज होतो की आपल्याकडे आरसीसीबी आहे. आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहावं. लाईट गेली नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

चार्जर घेताना बिल मागून घ्यावं. बिल नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बनावट किंवा नोंदणी नसलेला चार्जर आढळला तर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमधूनही तक्रार करता येते. अशा तक्रारी फार कमी लोक करतात, आणि म्हणून तोच माल पुढच्या गिऱ्हाइकाला तितक्याच सहजपणे विकला जातो.

वापरातून काढलेला वाईट चार्जर नुसता कचऱ्यात टाकू नये, आणि कामवाल्या मावशींना किंवा गावाकडच्या भावाला ‘चालतोय अजून’ म्हणून देऊ तर मुळीच नये. बोर्डातून काढून एक-दोन दिवस बाजूला ठेवावा, मग पिना पकडीने वाकवाव्यात म्हणजे तो पुन्हा कोणत्याही बोर्डात बसणार नाही, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा.